हीथ्रॉप कॉलेज

हीथ्रॉप कॉलेज हे तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती ईश्वरविद्या या दोनच विषयांचे अध्यापन व संशोधन करणारे, लंडन विद्यापीठाचे एक घटक महाविद्यालय होते. रोमन कॅथलिक पंथातील येशूसंघाच्या (जेझुइट संघाच्या) इंग्रज सदस्यांनी १६१४ मध्ये आजच्या बेल्जियममधील लूव्हाँ येथे त्याची स्थापना केली. त्यानंतर लिएझ, स्टोनीहर्स्ट, सेंट बायनोज, ऑक्सफर्डशायरमधील हीथ्रॉप आणि अखेर लंडन असा प्रवास करत ही संस्था चारशे चार वर्षे चालली. १९७० मध्ये ती लंडन विद्यापीठात सामील झाली, १९७१ मध्ये तिला राजसनद मिळाली आणि २०१८ मध्ये तिचे अध्यापन थांबले. लंडन विद्यापीठाची स्थापना १८३६ मधील आहे. म्हणजे हे घटक महाविद्यालय आपल्या विद्यापीठाहून दोनशेपेक्षा अधिक वर्षांनी जुने होते.

महाविद्यालयाचे ग्रंथालय हे ब्रिटनमधील ईश्वरविद्येच्या व तत्त्वज्ञानाच्या मोठ्या संग्रहांपैकी एक मानले जाई. दीड लाखाहून अधिक ग्रंथांचा हा संग्रह महाविद्यालय बंद झाल्यावरही टिकून आहे.

पार्श्वभूमी

इंग्रजांची शिक्षणसंस्था परदेशात का स्थापन झाली, याचे उत्तर सोळाव्या शतकातील इंग्लंडच्या धार्मिक इतिहासात आहे. पहिल्या एलिझाबेथच्या कारकिर्दीत इंग्लंडचे चर्च रोमपासून कायमचे वेगळे झाले. १५८५ च्या कायद्याने परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथलिक धर्मगुरूचे इंग्लंडमधील नुसते वास्तव्यही राजद्रोह ठरवले. त्याआधीच, १५८१ मध्ये, ऑक्सफर्डचा नामांकित विद्वान आणि जेझुइट धर्मगुरू एडमंड कॅम्पियन याला लंडनमधील टायबर्न येथे देहान्त शासन देण्यात आले होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांची दारे कॅथलिकांना बंद झाली. त्यामुळे धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या इंग्रज तरुणांसाठी दुए (१५६८), रोम (१५७९), व्हायादोलिद (१५८९) आणि सेंटोमेर (१५९३) अशा ठिकाणी परदेशस्थ महाविद्यालये निघाली.

मराठी वाचकांना परिचित असलेले फादर थॉमस स्टीफन्स हे याच परिस्थितीत देशाबाहेर पडलेल्या पिढीतले. विल्टशायरमध्ये जन्मलेल्या स्टीफन्स यांनी रोममध्ये येशूसंघात प्रवेश केला आणि १५७९ मध्ये ते गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील राशोल (रायतूर) येथे छापले गेले. तेव्हा लूव्हाँचे महाविद्यालय अवघे दोन वर्षांचे होते. स्टीफन्स यांचा या महाविद्यालयाशी थेट संबंध नव्हता. मात्र ज्या कारणाने एक इंग्रज कवी मराठी ओवीपर्यंत पोहोचला, त्याच कारणाने इंग्रज जेझुइटांचे विद्यापीठ युरोपच्या मुख्य भूमीवर उभे राहिले.

लूव्हाँ आणि लिएझ (१६१४–१७९४)

लूव्हाँमध्ये इंग्रज जेझुइटांचे नवशिक्यांसाठीचे निवासस्थान १६०७ पासून होते. त्यासाठीचा पैसा लुइसा दे कार्वाहाल या स्पॅनिश उमराव स्त्रीने दिला होता. १६१४ मध्ये तेथे उच्च अभ्यासक्रम सुरू झाला. महाविद्यालयाचा जन्म याच वर्षी झाला असे मानतात. पुढील दशकात हे अध्ययनकेंद्र लिएझ येथे हलले. लिएझ हे तेव्हा स्वतंत्र संस्थान होते आणि तेथील बिशप हाच राज्यकर्ता असे. त्या वेळचा बिशप बव्हेरियाच्या राजघराण्यातला होता. त्याच घराण्यातील बव्हेरियाचा शासक मॅक्सिमिलियन याने दिलेल्या नेमणुकीमुळे महाविद्यालयाला स्थैर्य आले.

अभ्यासक्रम येशूसंघाच्या १५९९ च्या ‘रात्सिओ स्तुदिओरुम’ या शिक्षणसंहितेनुसार चाले. तीन वर्षे तत्त्वज्ञान (त्यात तर्कशास्त्र, गणित व निसर्गविज्ञान येई) आणि चार वर्षे ईश्वरविद्या, असा तो क्रम होता. अध्यापनाची भाषा लॅटिन होती. विद्यार्थ्याने केवळ ऐकून व लिहून घेणे पुरेसे नसे. एकाने सिद्धान्त मांडायचा, दुसऱ्याने आक्षेप घ्यायचे आणि गुरूने निर्णय द्यायचा अशा वादसभा नियमित भरत. भारतीय शास्त्रपरंपरेतील पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष यांच्याशी परिचित असलेल्या वाचकाला ही पद्धत फारशी परकी वाटणार नाही.

लिएझमधील अध्यापकांत फ्रान्सिस लाइन (मृत्यू १६७५) यांचे नाव विज्ञानाच्या इतिहासात राहिले आहे. ते तेथे गणित आणि हिब्रू शिकवत. उलट्या नळीत पारा उभा राहतो तो बाहेरच्या हवेच्या दाबामुळे, हे रॉबर्ट बॉइलचे म्हणणे त्यांना मान्य नव्हते. पाऱ्यावरील रिकाम्या भासणाऱ्या जागेत एक अदृश्य सूक्ष्म तंतू असतो आणि तोच पाऱ्याला वर ओढून धरतो, असे त्यांनी १६६१ मधील ग्रंथात प्रतिपादन केले. त्यांना उत्तर देताना बॉइलने १६६२ मध्ये नवे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि वायूचा दाब व आकारमान यांचे व्यस्त प्रमाण दाखवणारी मापने त्यांतच आली. शालेय पाठ्यपुस्तकांतला ‘बॉइलचा नियम’ तो हाच. लाइन यांचा तंतू चुकीचा ठरला, परंतु त्यांचा आक्षेप नसता तर बॉइलने ती मापने त्या वेळी घेतली असती का, हा प्रश्न विज्ञानेतिहासकारांनी उपस्थित केला आहे. आयुष्याच्या अखेरीस लाइन यांनी लोलकातून होणाऱ्या प्रकाशाच्या विकिरणाबद्दल आयझॅक न्यूटनशीही पत्रवाद घातला, आणि त्यांच्या निधनानंतर लिएझमधील त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे चालवला. न्यूटन या पत्रांनी वैतागला होता. लाइन यांनी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्याच्या बागेत दुसऱ्या चार्ल्ससाठी १६६९ मध्ये उभारलेले बहुमुखी सूर्यघटिकायंत्र त्या काळात प्रेक्षणीय समजले जाई. ज्या देशात त्यांच्या धर्मगुरुपदावर कायद्याने बंदी होती, त्याच देशाच्या राजाने ते करवून घेतले होते.

१७७३ मध्ये पोप चौदावा क्लेमेंट याने कॅथलिक राजसत्तांच्या दबावाखाली येशूसंघच बरखास्त केला. युरोपभर संघाची महाविद्यालये बंद पडली आणि त्यांची ग्रंथालये जप्त होऊन विकली गेली किंवा विखुरली. लिएझमध्ये मात्र तेथील राज्यकर्ता बिशप व्हेलब्रुक याने माजी जेझुइटांना सामान्य धर्मगुरू म्हणून काम चालू ठेवू दिले. महाविद्यालय ‘इंग्लिश अकादमी’ या नावाने टिकले. सेंटोमेरहून आधी ब्रूज येथे गेलेली इंग्रज मुलांची शाळाही याच सुमारास लिएझला येऊन तिच्यात मिळाली.

स्टोनीहर्स्ट आणि सेंट बायनोज (१७९४–१९२६)

फ्रेंच राज्यक्रांतीच्या सेना लिएझवर चालून आल्या तेव्हा अकादमीने १७९४ मध्ये शहर सोडले. अध्यापक आणि विद्यार्थी म्यूज नदीतून नावांनी उत्तरेकडे निघाले आणि हॉलंडमार्गे इंग्लंडला पोहोचले. शाळेचा माजी विद्यार्थी थॉमस वेल्ड याने लँकशायरमधील स्टोनीहर्स्ट येथील आपला जुना वाडा त्यांना देऊ केला. इंग्लंडमधील कॅथलिकविरोधी कायदे तोवर बरेच सैल झाले होते, आणि क्रांतीपासून पळून आलेल्या धर्मगुरूंविषयी लोकांत सहानुभूतीही होती. अशा रीतीने कायद्याने हद्दपार केलेली संस्था जवळजवळ दोन शतकांनी मायदेशी परतली.

संघाची अधिकृत पुनःस्थापना १८१४ मध्ये झाली. तथापि इंग्रज जेझुइटांना १८०३ मध्येच, रशियात तग धरून राहिलेल्या शाखेशी जोडून घेऊन, संघात परतण्याची मुभा मिळाली होती. कॅथलिकांना नागरी हक्क देणाऱ्या १८२९ च्या कायद्यात जेझुइटांविरुद्ध कडक कलमे होती. ती अमलात मात्र आली नाहीत. त्याच काळात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमासाठी स्टोनीहर्स्टच्या आवारात सेंट मेरीज हॉल ही स्वतंत्र इमारत बांधली गेली.

ईश्वरविद्येचा अभ्यासक्रम १८४८ पासून उत्तर वेल्समधील सेंट बायनोज येथे गेला. क्लूइड नदीच्या खोऱ्याकडे पाहणारी ही इमारत जोसेफ हॅन्सम या वास्तुविशारदाची आहे. लंडनच्या रस्त्यांवर धावणाऱ्या दुचाकी ‘हॅन्सम’ घोडागाडीचा जनकही तोच. कवी जेरार्ड मॅनली हॉपकिन्स यांनी १८७० ते १८७३ या काळात सेंट मेरीज हॉलमध्ये तत्त्वज्ञानाचा आणि १८७४ ते १८७७ या काळात सेंट बायनोजमध्ये ईश्वरविद्येचा अभ्यास केला. संघात आल्यावर त्यांनी कविता लिहिणे सोडून दिले होते. डिसेंबर १८७५ मध्ये ‘डॉइचलंड’ हे जहाज बुडून पाच जोगिणींना मृत्यू आला, तेव्हा सेंट बायनोजच्या प्रमुखांनी त्यावर कोणी काव्य लिहावे अशी इच्छा व्यक्त केली, आणि हॉपकिन्स यांनी सात वर्षांचे मौन सोडले. त्यांचे अनेक प्रसिद्ध सुनीत १८७७ मधील, येथील वास्तव्याच्या अखेरच्या वर्षातील आहेत. परीक्षेत मात्र त्यांना चौथ्या वर्षासाठी आवश्यक ते यश मिळाले नाही. थॉमस अक्वायनसपेक्षा डन्स स्कोटस या मध्ययुगीन विचारवंताकडे असलेला त्यांचा ओढा परीक्षकांना रुचला नसावा, असे त्यांचे चरित्रकार मानतात.

हीथ्रॉप पार्क (१९२६–१९७०)

तत्त्वज्ञान लँकशायरमध्ये आणि ईश्वरविद्या वेल्समध्ये ही विभागणी १९२६ मध्ये संपली. दोन्ही विभाग ऑक्सफर्डशायरमध्ये चिपिंग नॉर्टनजवळच्या हीथ्रॉप या खेड्यालगत एका भव्य प्रासादात एकत्र आले. श्रूजबरीच्या ड्यूकसाठी टॉमस आर्चर याने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा प्रासाद १८३१ च्या आगीत जळाला होता आणि पुढे ब्रॅसी घराण्याने त्याची पुनर्बांधणी केली होती. महाविद्यालयाचे कायमचे नाव या स्थळावरून आले. प्रत्यक्षात संस्थेच्या चार शतकांपैकी तेथे गेली ती फक्त ४४ वर्षे.

पहिल्याच वर्षी दाखल झालेल्या विद्यार्थ्यांत कॅनडाचे बर्नार्ड लोनर्गन होते. विसाव्या शतकातील प्रमुख कॅथलिक विचारवंतांत त्यांची गणना होते. मानवी आकलनाच्या स्वरूपावरील त्यांचा ‘इनसाइट’ हा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला.

हीथ्रॉपचे नाव सामान्य वाचकापर्यंत नेले ते फ्रेडरिक कॉपल्स्टन यांनी. १९३९ पासून ते तेथे तत्त्वज्ञानाचा इतिहास शिकवत. धर्मगुरुपदाच्या विद्यार्थ्यांच्या हाती चांगले पाठ्यपुस्तक नाही, या साध्या गरजेतून त्यांनी लेखनाला सुरुवात केली. पहिला खंड १९४६ मध्ये निघाला आणि नववा १९७५ मध्ये. ‘अ हिस्टरी ऑफ फिलॉसफी’ हा नऊ खंडांचा ग्रंथ पुढे कॅथलिक वर्तुळाबाहेर, भारतातील विद्यापीठांतही, तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांचा आधार बनला. ज्यांचे मत आपल्याला मान्य नाही अशा विचारवंतांचे म्हणणेही प्रथम त्यांच्या बाजूने, नीट आणि पुरतेपणी मांडायचे, हा कॉपल्स्टन यांचा विशेष होता. जानेवारी १९४८ मध्ये बीबीसीच्या आकाशवाणीवर ईश्वराच्या अस्तित्वाविषयी त्यांचा बर्ट्रंड रसेल यांच्याशी वाद प्रसारित झाला. जगातील प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशावर तरी अवलंबून आहे, म्हणून या सर्वांचे कारण असलेले, स्वतः कशावरही अवलंबून नसलेले अस्तित्व मानावे लागते, अशी कॉपल्स्टन यांची मांडणी होती. जगाच्या समग्रतेला कारण विचारणेच अर्थशून्य आहे, असे रसेल यांचे उत्तर होते. धर्माच्या तत्त्वज्ञानाच्या पाठ्यक्रमांत हा संवाद आजही वाचला जातो.

१९६० मध्ये महाविद्यालयातून ‘हीथ्रॉप जर्नल’ हे नियतकालिक सुरू झाले. त्याच दशकात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–१९६५) कॅथलिक चर्चला आधुनिक जगाशी, इतर ख्रिस्ती पंथांशी आणि अन्य धर्मांशी संवाद करण्यास सांगितले. गावापासून दूर, बागेने वेढलेल्या प्रासादात केवळ एका संघाच्या तरुणांना शिकवणे या भूमिकेशी विसंगत होते. संस्थेला काही काळ पोपच्या मान्यतेच्या विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि इतर संघांचे विद्यार्थीही येऊ लागले. परंतु अंतराचा प्रश्न तसाच राहिला.

हा प्रश्न केवळ इंग्लंडचा नव्हता. त्याच सुमारास अमेरिकेतील मेरिलंडच्या ग्रामीण भागातले वुडस्टॉक कॉलेज न्यू यॉर्कला हलले. भारतात दार्जिलिंगजवळच्या कर्सियांग येथील जेझुइटांचे सेंट मेरीज कॉलेज १९७० च्या दशकाच्या आरंभी दिल्लीला आले आणि विद्याज्योती या नावाने ओळखले जाऊ लागले. पुण्यातील पेपल सेमिनरी आणि तिच्याशी निगडित ज्ञानदीप विद्यापीठाची पार्श्वभूमी थोडी वेगळी आहे. १८९३ मध्ये श्रीलंकेतील कँडी येथे जेझुइटांच्या हाती सोपवलेली ही संस्था १९५५ मध्येच पुण्यात आली होती. वुडस्टॉकचे पुढे काय झाले हे हीथ्रॉपच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे. शहरात आल्यावर काही वर्षांतच ते बंद पडले, आणि त्याचे ग्रंथालय वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात गेले.

लंडन (१९७०–२०१८)

१९७० मध्ये हीथ्रॉप कॉलेज लंडनच्या कॅव्हेंडिश स्क्वेअरमधील एका जुन्या कॉन्व्हेंटमध्ये आले. या इमारतीच्या दर्शनी भागावर जेकब एपस्टाइन याचे ‘माता आणि बालक’ हे शिल्प आहे. पुढच्याच वर्षी मिळालेल्या राजसनदेने महाविद्यालय लंडन विद्यापीठाची पदवी देणारी सार्वजनिक संस्था ठरले. कोणत्याही धर्माच्या वा निधर्मी, स्त्री वा पुरुष विद्यार्थ्याला तेथे प्रवेश खुला झाला. लंडनमधील पहिले प्राचार्य कॉपल्स्टन होते (१९७०–१९७४). विविध थरांतील लोक सायंकालीन आणि अंशकालीन अभ्यासक्रमांना येऊ लागले, आणि भावी धर्मगुरू हे एकूण विद्यार्थ्यांतील एक लहान गट उरले.

१९९३ मध्ये महाविद्यालय केन्सिंग्टन स्क्वेअर येथे, असम्प्शन संघाच्या जोगिणींच्या आवारात गेले. या काळातील अध्यापकांत प्राचीन सिरियाक ख्रिस्ती परंपरेचे अभ्यासक रॉबर्ट मरे यांचे स्थान मोठे आहे. साहित्यिक जे. आर. आर. टॉल्किन यांचे ते स्नेही होते, आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्स’मागील धार्मिक जाणिवेविषयी टॉल्किन यांनी केलेला सर्वांत स्पष्ट खुलासा मरे यांना लिहिलेल्या पत्रात सापडतो. आंतरधर्मीय संबंधांचे प्राध्यापक मायकल बार्न्स यांनी भारतीय धर्मांचा विशेष अभ्यास केला. लंडनच्या साउथॉल भागात, पंजाबी वस्तीमध्ये, त्यांनी चालवलेल्या संवादकेंद्राला रोबेर्तो दे नोबिली यांचे नाव होते. सतराव्या शतकात मदुराईत संन्याशाच्या वेषात राहून तमिळ व संस्कृत शिकलेले जेझुइट ते हेच.

ग्रंथालय

ग्रंथांविषयी येशूसंघाची भूमिका आरंभापासून निश्चित होती. १५९९ च्या शिक्षणसंहितेने प्रांतप्रमुखावर अशी जबाबदारी टाकली की, ग्रंथालयाच्या वाढीसाठी ठरावीक वार्षिक उत्पन्न नेमून द्यावे आणि ते अन्य कोणत्याही कामाकडे वळवू नये. अन्नवस्त्राची चणचण असलेल्या परदेशस्थ महाविद्यालयांनाही हा नियम लागू होता. हीथ्रॉपचा संग्रह अशाच सलग खरेदीतून, देणग्यांतून आणि बंद झालेल्या अन्य जेझुइट घरांच्या ग्रंथांतून वाढला. लिएझ, सेंट मेरीज हॉल आणि सेंट बायनोज येथील पुस्तके थरांप्रमाणे त्यात साचत गेली.

अशा ग्रंथालयाचा कणा म्हणजे मूळ ग्रंथांच्या मोठ्या संपादित मालिका. पहिल्या बारा शतकांतील लॅटिन ख्रिस्ती लेखकांचे जाक-पोल मीन्य याने एकोणिसाव्या शतकात छापलेले २२१ खंड, त्याच्याच ग्रीक लेखकांच्या मालिकेचे दीडशेहून अधिक खंड, धर्मपरिषदांचे वृत्तान्त, बायबलवरील भाष्ये आणि अक्वायनसवरील टीकाग्रंथ ही साधने हाताशी नसतील, तर या विषयातला संशोधक एक पाऊलही टाकू शकत नाही. हीथ्रॉपचे वैशिष्ट्य याहून पुढचे होते. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत आंग्ल चर्चच्या उपासनेला जाण्यास नकार देणाऱ्या कॅथलिकांसाठी परदेशात वा गुप्त छापखान्यांत छापलेली इंग्रजी पुस्तके अशा संग्रहांत आढळतात. ती बाळगणे हाच एकेकाळी गुन्हा होता. त्यामुळे त्यांच्या प्रती फार थोड्या उरल्या आहेत.

इंग्रज जेझुइटांच्या हातून गेलेला सर्वांत मौल्यवान ग्रंथ मात्र हीथ्रॉपपर्यंत आला नाही. सेंट कथबर्ट या संताच्या शवपेटीत ठेवलेली, आठव्या शतकाच्या आरंभीची योहानकृत शुभवर्तमानाची हस्तलिखित पोथी १७६९ मध्ये टॉमस फिलिप्स या धर्मगुरूने लिएझच्या महाविद्यालयाला भेट दिली. १९७० च्या दशकापासून ती ब्रिटिश लायब्ररीत ठेव म्हणून होती. मूळ बांधणीसह अखंड उरलेले युरोपातील सर्वांत जुने पुस्तक म्हणून ती ओळखली जाते. तळहाताएवढ्या या पोथीचे लाल चामड्याचे आवरण बाराशेपेक्षा अधिक वर्षांनंतरही शाबूत आहे. २०१२ मध्ये जेझुइटांनी ती ब्रिटिश लायब्ररीला ९० लाख पौंडांना विकली. पोथी देशातच आणि सार्वजनिक मालकीत राहिली म्हणून या व्यवहाराचे स्वागत झाले. संघाच्या संग्रहातील ग्रंथ गरज पडल्यास विकले जाऊ शकतात, हेही त्यामुळे दिसून आले.

महाविद्यालय सनदप्राप्त सार्वजनिक संस्था असले, तरी ग्रंथसंग्रह येशूसंघाच्या ब्रिटिश प्रांताच्या मालकीचा होता. सामान्य काळात विद्यार्थ्याला या फरकाची जाणीवही होत नसे. महाविद्यालय बंद करण्याची वेळ आली तेव्हा हाच फरक निर्णायक ठरला. संस्थेच्या विसर्जनाबरोबर ग्रंथांचे विसर्जन होणे कायद्याने आवश्यक नव्हते.

समाप्ती

इंग्लंडमध्ये २०१२ पासून पदवी अभ्यासक्रमांच्या वार्षिक शुल्काची कमाल मर्यादा ९,००० पौंडांवर गेली. दोनच विषय शिकवणाऱ्या छोट्या महाविद्यालयाला याचा दुहेरी फटका बसला. ईश्वरविद्येकडे वळणारे तरुण कमी झाले, आणि मोठ्या विद्यापीठासाठी आखलेल्या प्रशासकीय व गुणवत्ता-तपासणीच्या यंत्रणेचा खर्च मात्र मूठभर विद्यार्थ्यांवर पडू लागला. सनदेनंतरची चार दशके येशूसंघ महाविद्यालयाला पैसा पुरवत आला होता. तूट वाढत गेली तसे हे किती काळ चालवायचे हा प्रश्न टाळता येईना. ट्विकनहॅम येथील सेंट मेरीज या कॅथलिक विद्यापीठाशी भागीदारीची बोलणी झाली, परंतु ती फळाला आली नाहीत.

जून २०१५ मध्ये नियामक मंडळाने जाहीर केले की, दाखल विद्यार्थ्यांचे शिक्षण पूर्ण करून २०१८ मध्ये महाविद्यालय लंडन विद्यापीठाचे घटक राहणार नाही. या निर्णयावर टीका झाली. राजधानीत कॅथलिक विचारपरंपरेचे एकमेव विद्यापीठीय केंद्र नाहीसे होईल, असे आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे होते. त्यांतील काहींच्या मते खरे अपयश पैशाचे नव्हते: कॅथलिक संस्थांना आपापसांत एकत्र येता आले नाही, हे ते अपयश होते. दुसरी बाजू अशी की, सनदेने स्वायत्त केलेल्या महाविद्यालयाचे भवितव्य ठरवण्याचा अधिकार संघाला वा बिशपांना नव्हता, आणि ज्यांना तो अधिकार होता त्यांच्याजवळ पैसा नव्हता. अध्यापन २०१८ मध्ये संपले आणि कायदेशीर विसर्जन जानेवारी २०१९ मध्ये पूर्ण झाले. अध्यापक ऑक्सफर्ड, रोहॅम्प्टन आदी ठिकाणी विखुरले.

संग्रहाची व्यवस्था लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाऊस ग्रंथालयाच्या सहकार्याने लावण्यात आली. मेफेअर भागातील माउंट स्ट्रीट येथे, फार्म स्ट्रीट चर्चच्या शेजारी, जेझुइटांनी २०१९ मध्ये लंडन जेझुइट सेंटर सुरू केले, आणि हीथ्रॉप ग्रंथालय हे नाव तेथे कायम राहिले. संघाचे ब्रिटनमधील अभिलेखागारही त्याच पत्त्यावर आहे. केंद्रात ईश्वरविद्येचे अल्पकालीन अभ्यासक्रम चालतात, मात्र विद्यापीठाची पदवी मिळत नाही. ग्रंथ आणि त्यांवर काम करणारा संशोधक-विद्यार्थिवर्ग एकाच छताखाली असण्याचा चारशे वर्षांचा क्रम मात्र खंडित झाला आहे. प्रबंधासाठी एखादी जुनी आवृत्ती हवी असलेला विद्यार्थी आता बहुधा दुसऱ्याच विद्यापीठाचा असतो.

‘हीथ्रॉप जर्नल’ महाविद्यालयानंतरही प्रसिद्ध होत आहे. सेंट बायनोज येथे जेझुइटांचे आध्यात्मिक साधनाकेंद्र आहे, आणि स्टोनीहर्स्टची शाळा चालू आहे. हीथ्रॉपचा प्रासाद जेझुइट गेल्यानंतर एका बँकेचे प्रशिक्षणकेंद्र झाला. आज तेथे हॉटेल आहे.